डोंगरावरच्या पवनचक्कीची लाईट आपल्या घरात का येत नाही, आणि आणायची तर काय लागतं

धुळे जिल्ह्यातलं साक्री, निजामपूर, छडवेल, ब्राह्मणवेल, तिकडे नंदुरबारचा पट्टा, कुठेही जा आणि पवनचक्कीचा विषय काढा, दुसऱ्या मिनिटाला एकच प्रश्न येतो. "पंखा आमना डोंगरवर फिरतस, नि अंधार बी आमनाच घरमा?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर कुणी नीट समजावून देत नाही, कंपनीचा माणूस म्हणतो ते ग्रीडचं आहे, वायरमन म्हणतो ते आमच्याकडे नाही, आणि पुढारी म्हणतो बघतो. म्हणून जेवढं सोपं करता येईल तेवढं करून लिहितोय, थोडं लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा, कारण पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या जुन्या पवनचक्क्या बदलायची वेळ येणार आहे आणि तेव्हा ज्या गावाला हे कळलेलं असेल तेच गाव काहीतरी पदरात पाडून घेईल.

आधी लाईट जाते कुठे ते बघू. पंख्याच्या आत वर डब्यात जनरेटर असतो, तिथून साधारण ६९० व्होल्टची वीज निघते. टॉवरच्या पायथ्याशी जो ट्रान्सफॉर्मर दिसतो तो तिला ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवतो. मग अशा पन्नास-शंभर पंख्यांच्या लाईनी एका सबस्टेशनला गोळा होतात आणि तिथे १३२ किंवा २२० केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) करून महापारेषण या सरकारी कंपनीच्या मोठ्या लाईनींच्या जाळ्यात, म्हणजेच ग्रीडमधे, सोडतात. आणि आपल्या घरात येणारी वीज उलट्या वाटेने उतरत येते, मोठ्या सबस्टेशनवरून ३३ केव्ही, गावाजवळच्या सबस्टेशनला ११ केव्ही, मग गावातली डीपी, आणि डीपीवरून २३० व्होल्ट घरात. म्हणजे डोंगरावरचा पंखा आणि पायथ्याचं घर हवाई अंतराने दोन किलोमीटर असलं तरी दोघांमधे सरळ तार नाहीच.

दूध डेअरीत घालतो तसं आहे हे. आपल्या म्हशीचं दूध टाकीत गेलं की ते आपलं म्हणून वेगळं राहत नाही, सगळ्यांचं एक होतं, आपल्या हातात राहते ती फक्त नोंद, किती लिटर घातलं आणि त्याचे पैसे कुणाच्या खात्यात गेले. विजेतही तसंच, तारेतून कुठली वीज कुणाकडे गेली हे कुणी सांगू शकत नाही, मीटरची नोंद आणि करार एवढंच सांगतो की या पंख्याची युनिटं कुणाच्या नावावर. त्यामुळे "आमच्या डोंगराची वीज मुंबईला जाते" हे तारेच्या हिशोबाने पूर्ण खरं नाही, वीज जवळ जिथे वापर चालू आहे तिकडेच आधी वळते. पण कराराच्या हिशोबाने खरं असू शकतं, कारण पंख्याचा मालक एखादा लांबचा कारखाना असतो आणि युनिटं त्याच्या बिलातून वजा होतात. घराला लाईट पाहिजे असेल तर भांडण तारेपेक्षा कराराशी जास्त आहे, हा मुद्दा डोक्यात पक्का बसवा.

आता दुसरी गोष्ट, जी लोकांना सगळ्यात जास्त चिडवते. गावात लाईन गेली की डोंगरावरचे पंखे पण थांबलेले दिसतात, वारा भणाणतोय तरी. लोक म्हणतात मुद्दाम बंद केले. तसं नसतं. बहुतेक पवनचक्क्या ग्रीडच्या तालावर चालतात, ग्रीडची ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, लय असेल तरच त्या स्वतःची वीज त्यात मिसळू शकतात. शिवाय पंख्याचं तोंड वाऱ्याकडे फिरवणारी मोटर, पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा, कंट्रोलर, हे सगळं ग्रीडच्याच विजेवर चालतं. ग्रीड गेली की यंत्र आपोआप पाती वळवून वाऱ्याला त्यांची धार देतं आणि थांबतं. खालून नीट बघितलं तर ओळखू येतं, चालू पंख्याचं पातं रुंद दिसतं आणि बंद केलेल्याचं काठीसारखं बारीक. वारा फार झाला, म्हणजे सेकंदाला २५ मीटरच्या आसपास, ताशी ९० किलोमीटर, तरी मोडतोड होऊ नये म्हणून बरेच पंखे असेच थांबतात. तेव्हा नुसत्या पंख्याने गाव स्वतंत्र होत नाही, त्याला बॅटरी आणि स्वतःची लय धरणारे इन्व्हर्टर जोडावे लागतात, आणि तो खर्च अजून एका गावाच्या आवाक्यातला नाही.

वाऱ्याचं गणित थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. वेगाचा घन. सेकंदाला ६ मीटरच्या जागी ७ मीटर वारा मिळाला तर वेग वाढला सहावा हिस्सा पण ताकद जवळपास ६० टक्के वाढली. म्हणून कंपन्या एकेका टेकडीसाठी भांडतात आणि म्हणून टॉवर उंच उंच होत चाललेत, जमिनीजवळ झाडं-घरं-चढउतार वाऱ्याला अडवतात, वर वारा मोकळा असतो. याच कारणाने घराच्या गच्चीवर छोटा पंखा बसवून घर चालवायचं स्वप्न आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फसतं, दहा-बारा मीटरवर वारा कमी आणि पातं लहान, दोन्हीकडून मार. त्या पैशात सोलर पॅनल घ्या, हे मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो. आणि वाऱ्यातली सगळी ताकद काढताही येत नाही, अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ च्या सुमारास गणिताने दाखवलं की कितीही भारी पंखा बनवा, ५९.३ टक्क्यांच्या वर जाता येणार नाही.

खान्देशातच एवढे पंखे का? मान्सूनचे वारे नैऋत्येकडून येतात, वर सातपुडा, खाली सह्याद्रीचे फाटे, मधे तापीचं खोरं पश्चिमेला सुरतेकडे उघडं. साक्री तालुक्यातली पठारं या वाटेवर उंचावर बसलीत. देशातल्या मोठ्या पवन प्रकल्पांच्या यादीत ब्राह्मणवेलचं नाव ५२८ मेगावॅटने येतं, म्हणजे ही काही छोटी गोष्ट नाही.

पण इथे एक घोळ होतो. ५२८ मेगावॅट ऐकलं की माणूस म्हणतो, अरे भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्राचा एक संच ५०० मेगावॅटचा आहे, मग हे तेवढंच झालं. तेवढं नाही. मेगावॅट ही झाली जास्तीत जास्त क्षमता, भरपूर वारा असताना. वर्षभराचा सरासरी हिशोब काढला तर आपल्याकडचा जुना पंखा क्षमतेच्या साधारण २० ते २५ टक्के वीज देतो. २.१ मेगावॅटचा एक पंखा घ्या, २२ टक्के धरा, वर्षाचे ८,७६० तास, गुणाकार केला तर सुमारे ४० लाख युनिट. गावातलं साधं घर महिन्याला १०० युनिट वापरतं असं धरलं तर वर्षाला १,२०० झाली. म्हणजे एक पंखा तीन हजारांवर घरांची वर्षभराची युनिटं काढतो. एक पंखा, तीन हजार घरं!

हा आकडा सभेत सांगितला की टाळ्या पडतात, पण इथेच थांबणारा माणूस अर्धंच सांगतोय. कारण घराला वर्षाची युनिटं नको असतात, संध्याकाळी सात वाजता लाईट पाहिजे असते. आणि वारा वर्षभर सारखा वाहत नाही. आपल्याकडे मे पासून सप्टेंबरपर्यंत पंखे जीव तोडून फिरतात, वर्षाच्या युनिटांचा मोठा वाटा याच महिन्यांत निघतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात असतो, घरोघरी कूलर चालू, तेव्हा हा वारा खरंच कामाचा, आणि उंचावरचा वारा सूर्य मावळल्यावरही टिकतो, बऱ्याचदा वाढतो, जेव्हा सोलर झोपलेलं असतं. पण पुढे जुलै-ऑगस्टला पाऊस पडला की कूलर बंद, विहिरीवरचे पंप बंद, मागणी खाली आणि उत्पादन मात्र सगळ्यात वर. आणि मग येतो रब्बी. डिसेंबर-जानेवारीत गहू-हरभऱ्याला, केळीला पाणी द्यायचंय, ५ एचपीचा पंप ८ तास चालला तर ३० युनिट खातो, म्हणजे शंभर दिवसांत एका पंपाने अडीच घरांची वर्षाची युनिटं ओढली, आणि नेमके तेव्हा डोंगरावरचे पंखे आळसावल्यासारखे फिरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाऱ्यावर विसंबून कुणी बसू नये.

मग करायचं काय, तर वाऱ्याला एकट्याला उभं करायचं नाही, सोलरशी जोडायचं. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं तेव्हा सोलर चांगलं चालतं, पावसाळ्यात ढग असतात तेव्हा वारा असतो, एक पडतो तेव्हा दुसरा उठतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून आहे आणि जवळपासच्या डोंगरांवर पंखे आहेत, म्हणजे जोडीला लागणारं दोन्ही एकाच तालुक्यात आधीपासून आहे. दोघांसाठी एकच सबस्टेशन आणि एकच लाईन वापरली तर लाईनीचा खर्च वाटला जातो, कारण एकट्या पंख्यासाठी ओढलेली लाईन वर्षातला बराच काळ अर्धी रिकामीच असते.

आणि रोजचंही एक कोडं असतं. ग्रीडमधे दर क्षणाला जेवढी मागणी तेवढाच पुरवठा लागतो, म्हणून दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात किती वीज देणार याचा अंदाज पवन प्रकल्पाला आधी कळवावा लागतो, अंदाज फार चुकला तर दंड. वारा कमी पडला तर तूट भरून काढायला दुसरीकडे कोळशाचा किंवा पाण्याचा संच तयार ठेवावा लागतो, तोही खर्चच आहे, आणि तो शेवटी सगळ्यांच्या बिलात येतो. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं वारा फुकट म्हणजे वीज फुकट.

नवीन पवन प्रकल्प उभा कसा राहतो हे पटकन सांगतो. आधी उंच खांब उभारून निदान वर्षभर वारा मोजतात, वेग, दिशा, सगळं. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था देशभराचे वाऱ्याचे नकाशे बनवते, त्यांच्या हिशोबाने १५० मीटर उंचीवर महाराष्ट्रात १७० गिगावॅटच्या (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) वर वारा आहे आणि आज राज्यात बसलंय ते पाचेक गिगावॅट. मोजमाप झालं की जमीन, मग महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जेच्या संस्थेकडे नोंदणी-मंजुरी, महापारेषणची ग्रीडला जोडायची परवानगी, वीज कोण घेणार याचा करार, मग बँकेचं कर्ज. यंत्र उभं करायला काही महिने पुरतात, वर्षं जातात ती जमीन आणि लाईनीच्या परवानगीत. खर्च मेगावॅटला साधारण ७ ते ९ कोटी धरा. २०१७ पर्यंत सरकार दर ठरवून द्यायचं, त्यावर्षी फेब्रुवारीत देशातला पहिला मोठा पवन लिलाव झाला आणि दर एकदम युनिटला ३.४६ रुपयांवर आला, तेव्हापासून जो स्वस्त देईल त्याचं काम.

जमिनीबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त जखमा इथे आहेत. पंख्याला स्वतःला जागा फार लागत नाही, पायाला साधारण वीस मीटरचा गोल आणि क्रेन उभी करायला सपाट जागा. दोन पंख्यांमधे पंख्याच्या व्यासाच्या पाच ते सातपट अंतर ठेवतात, नाहीतर पुढचा पंखा मागच्याचा वारा खातो, आणि मधल्या जमिनीत शेती चालू राहू शकते. पण पन्नास ते सत्तर मीटर लांबीचं पातं डोंगरावर न्यायला रुंद रस्ता लागतो, वळणं कापावी लागतात, लाईनीचे खांब येतात, आणि हे सगळं कुणाच्या तरी बांधावरून, कुणाच्या तरी चराईच्या रानातून जातं. आपल्याकडचे बरेच डोंगर वनजमीन आहेत. तिथे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांचे आणि गावाचे हक्क आहेत, ते दावे निकाली निघाले का हे आधी विचारायचं. आदिवासी शेतकऱ्याची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महसूल कायद्याच्या कलम ३६-अ खाली परवानगी लागते, एजंटने कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा घेतला म्हणून ती जमीन त्याची होत नाही. विकू नका, भाड्याने द्या, आणि भाड्यात दरवर्षी वाढ लिहून घ्या, हे माझं ठाम मत. घरापासून अंतराचंही बघा, केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजाचा त्रास नको म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नको असं स्पष्ट आहे. रात्री शांततेत पात्याचा सपसप आवाज किती ऐकू येतो ते जवळ राहणाऱ्याला विचारा.

आता मूळ प्रश्नावर येतो, स्थानिक घरांना वीज कशी मिळेल. एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि ते प्रत्येक सरपंचाला माहिती पाहिजे. तामिळनाडूत कोईमतूर जिल्ह्यात मेट्टुपालयमजवळ ओडनतुराई नावाची ग्रामपंचायत आहे. त्यांनी २००६ मधे ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली, पंचायतीने, १.५५ कोटी रुपयांना, काही स्वतःची शिल्लक आणि बाकी बँकेचं कर्ज. वर्षाला सुमारे पावणेसात लाख युनिट निघायची, पंचायतीची गरज साडेचार लाखांची, उरलेली वीज मंडळाला विकून कर्जाचे हप्ते. आणि यातली खरी शिकायची गोष्ट अशी की ती पवनचक्की त्यांच्या गावात नाहीच. गावात वारा पुरेसा नव्हता, म्हणून त्यांनी ती शंभरेक किलोमीटर लांब, पालघाट खिंडीचा वारा जिथे पोचतो तिथे बसवली. तार नाही, नोंद. मालकी गावाची असली की पंखा कुठेही फिरू दे, युनिटं गावाच्या खात्यात येतात. आपल्याकडे उलटं झालंय, पंखा गावात आणि खातं दुसऱ्याचं.

आपल्याकडे हे जमेल का? एकेका घराने थेट पवनचक्कीकडून वीज घेणं सध्या अवघड आहे, कारण केंद्राच्या २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांत खुल्या मार्गाने वीज घ्यायला १०० किलोवॅटचा मंजूर भार लागतो, घराचा असतो एक-दोन किलोवॅट. पण त्या नियमात २०२३ मधे सुधारणा झाली की एकाच ग्राहकाची एकाच विभागातली अनेक कनेक्शनं मिळून १०० किलोवॅट भरले तरी चालतील. आणि स्वतःच्या मालकीच्या प्रकल्पातून घ्यायची असेल, म्हणजे घेणाऱ्यांचा भांडवलात किमान २६ टक्के वाटा आणि निदान ५१ टक्के वीज स्वतः वापरायची, तर वेगळी सवलत आहे. इथे मला वाट दिसते. पाणीपुरवठ्याचे पंप, पथदिवे, शाळा, दवाखाना, ही कनेक्शनं गावाची आहेत. कितीतरी गावांत नळयोजनेचं बिल थकलं म्हणून लाईन कापली जाते आणि बाया परत हंडे घेऊन विहिरीवर. दहा-वीस पंचायतींनी मिळून एका पंख्यात वाटा घेतला तर पहिला फायदा हा, की पाण्याची मोटर बंद पडणार नाही. डेन्मार्कमधे कोपनहेगनसमोर समुद्रात २० पंखे आहेत, त्यातले १० साडेआठ हजार सभासदांच्या सहकारी संस्थेने घेतलेत. सूतगिरण्या आणि दूध संघ चालवलेल्या मुलखाला सहकार नवीन नाही.

दुसरी वाट महावितरणच्या मार्फत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या सबस्टेशनलाच सोलर प्रकल्प जोडतात, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं. वीज तिथेच तयार होते आणि त्याच परिसरातल्या फिडरला, म्हणजे सबस्टेशनवरून निघणाऱ्या वाटपाच्या लाईनीला, वापरली जाते, लांबच्या लाईनीतली गळती वाचते. वाऱ्यासाठी असंच का नको? दोन-तीन पंखे सरळ ३३ केव्हीच्या गावच्या सबस्टेशनला जोडून संध्याकाळचा गावठाण फिडर त्यावर का घेऊ नये? तांत्रिक अडचण आहे, वारा वर-खाली झाला की व्होल्टेज हलतं, सबस्टेशनची क्षमता बघावी लागते, पण हे सुटणारे प्रश्न आहेत. मागणी करणारंच कुणी नाही.

आणि मागणी करायची वेळ आत्ता आहे. पवनचक्कीचं आयुष्य २० ते २५ वर्षं. आपल्याकडचे पहिले पंखे दोन हजार सालानंतर बसले, सव्वा ते दोन मेगावॅटचे, टॉवर ऐंशी मीटरच्या आतबाहेर, सगळ्यात चांगल्या टेकड्या त्यांनी धरल्यात. आता तीन मेगावॅटचे, १४० मीटर व्यासाचे पंखे मिळतात. जुने काढून त्या जागी नवीन बसवायचं केंद्राचं धोरण २०१६ मधे आलं, २०२३ च्या डिसेंबरमधे सुधारलं. त्याच डोंगरावर पंखे कमी आणि वीज दुप्पट-तिप्पट होईल. पण त्यासाठी रस्ता परत लागेल, जमिनीचे करार परत लागतील, काही ठिकाणी ग्रामसभेचा ठरावही लागेल. म्हणजे कंपनी परत गावाच्या दारात येणार.

तेव्हा काय विचारायचं ते आत्ताच ठरवा. नवीन पंख्यांपैकी एकाच्या भांडवलात पंचायतींच्या गटाला वाटा. गावच्या सबस्टेशनला जोडणी किंवा तिच्या सुधारणेचा खर्च. दर महिन्याची युनिटं पंचायतीच्या फलकावर, म्हणजे किती वीज निघाली हे गावाला कळेल. जुनी फायबरची पाती आणि काँक्रीटचे पाये कोण उचलणार, किती दिवसांत, हे लेखी, कारण ती पाती कुजत नाहीत आणि भंगारवाला घेत नाही. आणि पोरांना टॉवरवर नुसतं राखणदार म्हणून न ठेवता आयटीआय झालेल्यांना टेक्निशियनचं ट्रेनिंग. हे सगळं ग्रामसभेत ठराव करून, इतिवृत्तात लिहून, त्याची सही-शिक्क्याची नक्कल एक पंचायतीत आणि एक तहसीलला. तोंडी आश्वासनावर रस्ता खोदू देऊ नका.